उर्फ

दवाखान्यात मला नाव नाही. एकवीस वर्षं मी नुसती 'सिस्टर' आहे. डॉक्टर राउंडला आले की "सिस्टर, फाईल" म्हणणार. सोयगावकडून आलेल्या पेशंटचा भाऊ दारातूनच ओरडणार, "ओ सिस्टर, बाटली संपली की!" गारखेड्यातला भाजीवालाही मला सिस्टरच म्हणतो, आणि मेथी शिळी असली तर आधी सिस्टरच्या गळ्यात मारतो. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कोणी पूर्ण नावानं हाक मारली की समजावं, कुठेतरी सही राहिली आहे किंवा कोणीतरी तक्रार केली आहे. अशा बाईचं अख्खं वर्ष नावापायी जावं, याचं आता मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

तर माझी नावं दोन. पहिलं माहेरचं, पिशोरचं. शाळेचा दाखला, नर्सिंगच्या गुणपत्रिका, नर्स म्हणून झालेली नोंदणी, सगळं त्या नावावर. दुसरं सासरचं. लग्न ठरलं त्या बैठकीतच लक्षात आलं की माझं आणि होणाऱ्या सासूबाईंचं नाव एकच आहे. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? शिवाय नवऱ्यानं बायकोला हाक मारली तर ती आईच्या नावानं पडणार. हा मुद्दा निघाल्यावर पुढे कोणी बोललंच नाही. आमच्याकडे नवरीचं नाव बदलायची पद्धत होतीच. गृहप्रवेश झाला, ताटात तांदूळ पसरले, माझ्या नवऱ्यानं हातातल्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांना साखर वाटली आणि मी बदलले. पाच मिनिटांचं काम. नाव मला आवडलंही होतं. आधार, पॅन, बँक, पासपोर्ट असे पुढचे सगळे कागद त्याच नावानं निघत गेले. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून तेच लागलं. नोंदणीचा कागद मात्र जुन्या नावानं फायलीत पडून राहिला आणि इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगी पाचवीत होती. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. घरात आम्ही तिघीच उरलो, मी, मुलगी आणि सासूबाई. माझी ड्युटी, तिची शाळा आणि सासूबाईंचे गुडघे यांच्यात वर्षं गेली.

दरम्यान वॉर्डातल्या पोरी एकेक करून इंग्लंडला जायला लागल्या. ज्यांना मी शीर शोधायला शिकवलं, ज्या पहिल्यांदा सुई लावताना माझाच हात धरायच्या, त्या तिथून जाड कोटातले फोटो पाठवायच्या. "मॅडम, तुम्ही कधी येताय?" मी हसून फोन ठेवून द्यायची. चाळिशी उलटलेल्या बाईनं कुठे बर्फात घसरायला जायचं? पण माझी मुलगी माझ्यासारखी फोन ठेवून देणारी नाही. अकरावीत गेली त्या वर्षी तिनं सगळी माहिती काढली आणि मला समोर बसवून सांगितलं, "मम्मी, नर्सच्या नोकरीचा वेगळा व्हिसा असतो. त्यावर मुलांना सोबत नेता येतं. मी तिथंच शिकेन. तू फक्त परीक्षा दे."

फक्त परीक्षा! वॉर्डातली हजेरी लिहायची, औषधांचा हिशेब जुळवायचा, नातेवाईकांशी भांडायचं आणि चहाच्या सुट्टीत इंग्रजीतून डिस्चार्जची पत्रं लिहायचा सराव करायचा. पहिल्या वेळी नापास झाले. दुसऱ्या वेळी पास झाले, ते मुलीच्या धाकानं. मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की तासभर आवाज नको, तर त्यांनी बरोबर तेव्हाच कुकर लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, हा कसला अलार्म? मी म्हटलं, डाळ. ती हसली. होळीच्या आठवड्यात निवड झाल्याचं पत्र आलं.

त्या दिवशी मुलीनं कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. दिवाळीनंतर सहा दिवसांनी तिला अठरा पूर्ण होणार होती. व्हिसाचा अर्ज त्याआधी गेला तर ती माझ्याबरोबर. एक दिवसही उशीर झाला तर ती मोठी माणूस, आणि मोठ्या माणसाला आईच्या व्हिसावर जाता येत नाही. "आठ महिने आहेत," ती म्हणाली. "आरामात होतंय." मलाही तसंच वाटलं. मी तर मनातल्या मनात तिच्या स्वेटरच्या घड्या घालत होते. सासूबाईंचं पैठणला भावाकडे राहायचंही ठरून गेलं. त्या तोंडानं "जा बाई जा" म्हणायच्या आणि संध्याकाळी उगाच देवघर पुसत बसायच्या.

आणि तिथेच घोडं अडलं.

आमचे कागद एक एजन्सी बघत होती. तिथली बाई सगळ्यांना 'डियर' म्हणायची. तिनं माझा पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. "डियर, या दोघी कोण आहेत?"

मी म्हटलं, "दोन्ही मीच."

"ते मला कळतंय. तिकडच्यांना कसं कळणार? त्यांनी निवडलंय हिला," तिनं नोंदणीच्या कागदावर पेन टेकवलं, "आणि विमानात बसणार ही. नुसतं आडनाव वेगळं असतं तर लग्नाचा दाखला लावला असता. इथं पहिलं नावच वेगळं आहे."

लग्नाच्या दाखल्यात नवरीचं नवं नाव लिहायला रकानाच नसतो, हे मला त्या दिवशी समजलं. सरकारच्या दप्तरी माझ्या नवऱ्यानं पिशोरच्या एका मुलीशी लग्न केलं होतं, आणि त्यानंतर ती मुलगी कुठे गेली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या नव्या नावाचा एकमेव पुरावा म्हणजे ताटातले तांदूळ. त्यांचा भात होऊन एकोणीस वर्षं झाली होती.

घरी येऊन आम्ही लग्नाचा अल्बम काढला. ताटाचा फोटो होता. पण नवऱ्याचा अंगठा नेमका शेवटच्या अक्षरावर आलेला. मुलगी म्हणाली, "पप्पांनी अर्ध्यातच सोडलंय." मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं.

एजन्सीच्या बाईनं दोन रस्ते सांगितले. जवळचा रस्ता म्हणजे पासपोर्ट रद्द करून माहेरच्या नावाचा नवा काढायचा. दोन महिन्यांत काम होईल. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग विचारलं, "आणि मुलीचं?"

"तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे?"

"नवं."

"मग अवघड आहे, डियर. कागदावर ती तुमची राहणार नाही."

दुसरा रस्ता लांबचा. राजपत्रात नावबदल छापून आणायचा, त्यावरून इथल्या नोंदणीत नाव बदलून घ्यायचं, त्यावरून तिथल्या नोंदणीत, आणि मग तिथल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र नव्या नावानं. मी लांबचा धरला. ज्या नावानं मी तिची आई होते, ते नाव सोडून तिला घेऊन जाणार तरी कशी? आजही कोणी विचारलं तर मी तेच करेन, आणि आजही त्याचा मला तितकाच राग येतो.

मग सुरू झाल्या अदालत रोडच्या चकरा. कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणारे एक टायपिंगवाले चाचा आहेत. दाढी पांढरी, कॉम्प्युटर नवा, आणि कीबोर्ड मात्र टाइपरायटर असल्यासारखा बडवतात. त्यांच्या बेगमचं ऑपरेशन आमच्या वॉर्डात झालेलं, म्हणून मला बघताच स्टूल पुसून द्यायचे. माझी अडचण त्यांनी एका मिनिटात निकालात काढली.

"सिस्टर, इसमें क्या है? दोन नावांच्या मध्ये उर्फ टाकायचा. हो गया काम. आमच्या निजामाच्या जमान्यापासून उर्फवर जमिनी चालल्या, तुमची नोकरी नाय चालायची?"

मला तो शब्द आवडला. छोटासा, दोन बायकांच्या मध्ये आडवा बसलेला. पण एजन्सीच्या बाईनं त्याचं इंग्रजी भाषांतर वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, हा शब्द तिकडे दरोडेखोरांना लावतात. मी म्हटलं, इकडेही पेपरात त्यांनाच लावतात, पण आम्ही साधी माणसंही वापरतो. शेवटी तिनं भाषांतर बदलून घेतलं. मराठीत मात्र उर्फ तसाच राहिला.

पत्त्यातही गंमत झाली. जुन्या कागदांवर औरंगाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. तिकडून विचारणा आली की आपण या शहरातून त्या शहरात राहायला कधी गेलात? चाचा खो खो हसले. "लिहा, शहर जागेवरच आहे. सिस्टर, एवढ्या मोठ्या शहराचं नाव बदललं, तुमचंपण व्हईल. थोडा सबर ठेवा."

सबर ठेवला. उन्हाळा राजपत्रात गेला. पावसाळा इथल्या नोंदणीत गेला. मला कोणाला बोल लावायचा नाही, प्रत्येक जण आपापल्या टेबलावर आपापल्या नियमानं काम करत होता, आणि मी प्रत्येक टेबलापाशी रजा टाकून उभी राहत होते. वॉर्डातल्या नव्या पोरी विचारायच्या, "मॅडम, झालं का?" मी "व्हायलंय" म्हणायची. सात-आठ तास उभं राहून पाय सुजत नाहीत तितके या चौकशीनं सुजायचे. घरी मुलगी रोज कॅलेंडरवर एक दिवस खोडायची. आधी उत्साहानं खोडायची. गणपतीनंतर न बोलता खोडायला लागली. नवरात्र संपलं आणि एक दिवस कॅलेंडर भिंतीवरून उतरलेलं दिसलं. मी कुठे गेलं म्हणून विचारलं नाही.

दसऱ्यानंतर तिथल्या नोंदणीचं पत्र आलं. राजपत्र त्यांना मान्य होतं. फक्त दोन प्रतिज्ञापत्रं हवी होती, मला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसांची. एक माहेरच्या घरातलं, एक सासरच्या घरातलं. माझा भाऊ पिशोरहून पहिल्या एसटीनं आला आणि सही करून दुपारच्या एसटीनं गेला. सासरकडून कोण? सासूबाई. त्या नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून चाचांच्या स्टुलावर बसल्या, आणि सावकाश सही केली. कागद त्याच दिवशी पाठवले. दिवाळीला अजून बारा दिवस होते. मी हिशेब केला, नीट झालं तर दोन दिवस आधी अर्ज जातो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी चकल्या केल्या.

उत्तर आलं ते दिवाळीच्या गडबडीत. सासरकडचं प्रतिज्ञापत्र परत केलं होतं. कारण लिहिलं होतं की हे अर्जदारानं स्वतःच स्वतःबद्दल करून दिलेलं दिसतं. कृपया घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचं द्यावं.

मी ते तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. सही करणारीचं पहिलं नाव माझं जुनं नाव. तिचं आडनाव माझं नवं आडनाव. जिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून माझं नाव बदललं, तिच्याशीच माझी गल्लत झाली होती.

सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या बराच वेळ गुडघे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय ठावं व्हतं गं, तुला एवढ्या लांब जायचंय म्हणून? नाय तर माझंच नाव बदलून घेतलं असतं. माझं कुठं काय अडलं व्हतं?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. वर्षभराचा सगळा राग कोणावर तरी काढायचा होता. पण त्या खरंच बोलत होत्या, त्यांनी बदललं असतं. मी उठून चहा टाकला.

त्यानंतर धावाधाव करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. घरात चौथं माणूस नव्हतं, कार्यालयं सुट्टीवर होती. सहा दिवस गेले. वाढदिवसाला मुलीनं केक नको म्हटलं, सासूबाईंनी शिरा केला. मी तिला म्हणाले, "आता राहू दे. मी नाही जात. तुझ्याशिवाय तिथं मला काय करायचंय?"

ती शांतपणे शिरा खात होती. म्हणाली, "मम्मी, त्यांनी जागा अजून धरून ठेवलीय. तू ती परीक्षा दोनदा दिलीस."

"तुझ्यासाठी दिली."

"मग माझ्यासाठीच जा. मी शिकेन आणि माझी मी येईन. आजीजवळ मी आहे." मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "आणि दुसरी प्रौढ व्यक्ती पाहिजे ना? मी आहे की. आजपासून."

मी नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ती मला अदालत रोडला घेऊन गेली. घेऊनच गेली म्हणते, कारण स्कूटी तिनं चालवली, आणि क्रांती चौकात सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं की परत फिरू, तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

चाचांनी तिचं आधार कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि जन्मतारीख पुन्हा एकदा वाचली. "तीन दिवस झाले अठरा होऊन? मुबारक हो, बेटा." आणि मोठ्यानं वाचत टाइप करायला लागले. "मी, वय अठरा वर्षे, सज्ञान, धंदा शिक्षण, राहणार छत्रपती संभाजीनगर, शपथेवर लिहून देते की..." पुढे माझं माहेरचं नाव, मध्ये उर्फ, मग सासरचं. "...या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी सख्खी आई आहे."

"सख्खी कशाला लिहिता?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिडका वाटला.

"लिहावं लागतं, सिस्टर." त्यांनी मुलीकडे बघितलं. "हे कोणत्या कामासाठी पाहिजे?"

"आईला परदेशी नोकरीला जाण्यासाठी."

चाचांनी ते टाइप केलं. मग सहज विचारलं, "और तुम? तू नाय चालली मम्मीसोबत?"

"मला नाही जाता येत, चाचा," ती म्हणाली. "तुम्हीच लिहिलं ना आत्ता. सज्ञान."

चाचा थांबले. प्रिंट काढून त्यांनी कागद शेजारच्या नोटरीच्या टेबलावर ठेवला. मी पर्समध्ये पेन शोधत राहिले. पेन तिच्या हातात होतं. तिनं सही केली, पूर्ण नावानं, आमच्याकडे करतात तशी, मध्ये बापाचं नाव घालून. तिची सही मी पहिल्यांदाच बघत होते.

मग तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "बघून घे, मम्मी. काही चूक असेल तर आत्ताच सांग."

माझ्या हाताखालून एकवीस वर्षांत हजारो कागद गेले. नाव, वय, तारीख, सही, या क्रमानं मी बघते, आणि चूक असली तर मला ती लगेच दिसते. मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. एखादा काना, एखादी वेलांटी, तारखेतला एखादा आकडा चुकलेला असावा म्हणून मी तिसऱ्यांदा वाचायला घेतला. त्यात एकही चूक नव्हती.